चुटपुट, धाकधूक आणि घालमेल

*वाचकाचं पत्र (संक्षिप्त):*

*मी छत्तीस वर्षांची आहे, नोकरी करते. तीन आठवड्यांपूर्वी मीटिंगमध्ये सरांनी सांगितलेला एक आकडा चुकीचा होता. मी सगळ्यांसमोर तो दुरुस्त केला. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि पुढे गेले. त्या ‘बरं’ने माझी झोप उडवली आहे. रात्री दोनला जाग येते आणि तो प्रसंग पहिल्यापासून सुरू होतो. तिथून मुलीचा खोकला, तिथून आईबाबांचं म्हातारपण. त्यात दुसरीकडून नोकरीचं बोलावणं आलंय. जावं की नाही, याची फायद्यातोट्यांची यादी चार वेळा करून झाली. नवऱ्याला दिवसातून दहा वेळा विचारते, ‘मी चुकीचं बोलले का?’ परवा तो वैतागून म्हणाला, ‘तू फार विचार करतेस.’ ते फार लागलं. ध्यान करून पाहिलं, तर डोळे मिटल्यावर डोक्यातला गलका दुप्पट झाला. म्हणजे मला तेही जमत नाही. हे मन बंद करायचं बटण कुठे असतं?*

*— एक जागी मैत्रीण*

*ता. क. सरांकडे जाऊन माफी मागून टाकू का?*

प्रिय मैत्रिणी,

बटण नाही. हे आधीच सांगते, कारण तुमची अर्धी रात्र ते शोधण्यातच जात असावी. आपण जागे असताना मेंदू रिकामा बसतच नाही. हातातलं काम संपलं की तो आपोआप मागचं उगाळतो, पुढचं रंगवतो, लोक आपल्याला काय म्हणत असतील याचे अंदाज बांधतो. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकारी मेंदूशास्त्रज्ञांनी २००१ साली मेंदूच्या या ‘काहीच न करतानाच्या’ कामाला ‘डिफॉल्ट मोड’ असं नाव दिलं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे २० टक्के, आणि आपण स्वस्थ पडून राहिलो तरी हा खर्च फारसा घटत नाही. तेव्हा रात्री दोनला तुमचं मन चालू असतं, यात बिघाड काही नाही. त्रास होतो तो ते एकाच जागी गोल फिरत राहतं म्हणून.

आणि जबरदस्तीने थांबवायला गेलं तर ते आणखी जोरात फिरतं. १९८७ साली डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, आधी विचार दाबून ठेवलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. तुमचं ‘बरं’ हे तसंच अस्वल आहे. रोज रात्री त्याला हाकलता, आणि हाकलल्यामुळेच ते दारात बसून राहतं.

तुमच्या नवऱ्याचं वाक्य तुम्हाला लागलं, त्यात नवल नाही. मला ते वाक्य अपुरंही वाटतं. ‘फार’ विचार करणं हा दोष नव्हे. पूल बांधणारा इंजिनिअर फार विचार करतो, मूल वाढवणारी आई करते, गणित सोडवणारं पोरही करतं. त्यांचा विचार पुढे सरकतो आणि कुठेतरी जाऊन थांबतो. तुमचा जो चाललाय त्याला मराठीत काथ्याकूट म्हणतात. रवंथही म्हणता येईल, पण गाय रवंथ करते ती पचवण्यासाठी. ती घास वर आणते, चावते आणि गिळून मोकळी होते. आपण तोच घास तीन आठवडे चघळतो, गिळत नाही आणि थुंकतही नाही.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात पुन्हा पुन्हा एकच तक्रार येते: ‘विचार थांबत नाहीत.’ ते वाचताना मला वाटत राहिलं की तीन वेगळ्या दुखण्यांना तुम्ही एकच नाव दिलंय. आपल्या भाषेत त्यांना फार नेमके शब्द आहेत. घडून गेलेल्या गोष्टीची लागते ती चुटपुट. पुढे काय होईल याची असते ती धाकधूक. आणि हे करू की ते करू, यात जीव वरखाली होतो ती घालमेल. रात्रीच्या अंधारात तिन्ही सारख्याच दिसतात, पण तिघींचं मागणं वेगळं आहे. म्हणून कुठलाही एकच उपाय तुम्हाला पुरत नाहीये, ध्यानही नाही. विचार सुरू झाला की आधी एवढंच विचारा, ही तिघींपैकी कोण? नाव सापडलं की ती थोडी लहान होते, असा माझा अनुभव आहे.

आधी चुटपुट. तुम्हाला सगळ्यात जास्त तीच छळतेय.

सरांच्या मनात त्या क्षणी काय आलं, हे तुम्हाला हवंय. राग आला? अपमान वाटला? की ‘बरं झालं वेळेवर लक्षात आलं’ असं वाटलं? आता बघा, ही माहिती आहे कुठे? सरांच्या डोक्यात. तुम्ही शोधताय तुमच्या डोक्यात. जी वस्तू ज्या कपाटात कधी ठेवलीच नाही, ते कपाट तुम्ही तीन आठवडे रोज रात्री उपसताय. आणखी हजार रात्री उपसलंत तरी ती तिथे मिळणार नाही. यात तुमची बुद्धी कमी पडत नाही, फक्त जागा चुकली आहे.

शिवाय आठवण म्हणजे काही चित्रफीत नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती थोडी नव्याने बांधतो. पहिल्या दिवशीच्या ‘बरं’मध्ये आणि आजच्या ‘बरं’मध्ये किती फरक पडला असेल, याचा विचार करा. आजच्या ‘बरं’चा सूर सरांचा कमी आणि तुमच्या भीतीचा जास्त आहे.

लोकांच्या नजरेत आपण किती भरतो, याचाही आपला अंदाज चुकतो. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून खोलीभर लोकांमध्ये पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टीशर्ट घालणाऱ्यांना वाटलं, सुमारे निम्म्यांच्या. प्रत्यक्षात आलं सुमारे पाव लोकांच्या. त्या मीटिंगमधले बाकीचे आज रात्री दोनला जागे असलेच, तर स्वतःच्याच एखाद्या वाक्यासाठी असतील.

मग चुटपुटीला द्यायचं काय? तिला ‘का’ देऊ नका. ‘मी अशी का आहे, मला गप्प का बसवत नाही, माझ्याच बाबतीत असं का होतं’ या प्रश्नांना तळ नसतो. एडवर्ड वॉटकिन्स या संशोधकाने या विषयावर बरीच वर्षं काम केलंय. त्याचं सांगणं असं की नैराश्याकडे झुकलेलं मन ‘का’च्या ढगात फिरतं, आणि त्याला ‘काय झालं, कसं झालं, आता काय करायचं’ या जमिनीवर आणलं की ते बरंच सावरतं. म्हणून एक वही घ्या आणि दिवसाउजेडी लिहा. मी काय म्हणाले, शब्दशः. समोरचा काय म्हणाला, शब्दशः. मग काय झालं. तुमच्या बाबतीत हे एवढंच होईल: ‘मी म्हणाले, हा आकडा जुना आहे. ते म्हणाले, बरं. मीटिंग पुढे चालली.’ बस. याखाली एक रेघ ओढा. रेघेखाली जे जे लिहावंसं वाटेल ते तुम्ही रचलेलं असेल. लिहा हवं तर, पण रेघेखाली. आणि शेवटी एक ओळ: पुढच्या वेळी असं झालं तर मी काय करीन. ती लिहिली की घास गिळला.

लिहिताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव वापरून पाहा. ‘अमुकला वाटतंय की सर चिडलेत.’ पहिल्यांदा कृत्रिम वाटेल. पण जवळच्या मैत्रिणीची गोष्ट ऐकताना आपल्याला जो शहाणपणा सुचतो, तो स्वतःच्या गोष्टीत सुचत नाही, आणि नाव घेतल्याने मध्ये तेवढं अंतर पडतं. ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगांतही तपासलंय.

आता तुमच्या नवऱ्याला विचारण्याबद्दल. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण यातून मी गेले आहे. हे सदर लिहायला लागले त्या पहिल्या वर्षी, उत्तर छापून आलं की मी बहिणीला फोन करायचे. ‘कठोर वाटलं का गं?’ ती म्हणायची, ‘नाही.’ ते ‘नाही’ फोन ठेवेपर्यंत पुरायचं. मग वाटायचं, तिने नीट वाचलं असेल का? पुन्हा फोन. दिलासा मागण्यात हीच अडचण आहे. तो पाच मिनिटं टिकतो, आणि दर वेळी मागितल्याने मनाची खात्री पटत जाते की इतक्यांदा विचारावं लागतंय म्हणजे प्रकरण खरंच गंभीर असणार. दहाव्या वेळी ‘नाही गं’ ऐकून जे मिळालं नाही, ते अकराव्या वेळी मिळणार नाही. नवरा वैतागला तो तुमच्यावर नसावा. आपलं उत्तर तुम्हाला पुरत नाही, या हतबलतेवर वैतागला असावा.

तर दोघं बसून ठरवा. एका गोष्टीबद्दल एकदाच विचारायचं, त्याने एकदाच मनापासून उत्तर द्यायचं. त्यानंतर ओठांवर प्रश्न आला की त्याऐवजी म्हणायचं, ‘माझी चुटपुट सुरू झालीय, जरा बस ना जवळ.’ त्याने उत्तर द्यायचं नाही, नुसतं बसायचं. पहिले काही दिवस तुम्हाला हे अपुरं वाटेल, अंगावर येईल. तेव्हा न विचारता काढलेली ती पंधरा-वीस मिनिटं हाच खरा सराव आहे. अनिश्चितता घरात असतानाही आपण जगू शकतो, हे मनाला तेवढ्यात कळतं, सांगून कळत नाही.

धाकधुकीचं तसं नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. मुलीच्या साध्या खोकल्यावरून तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर जिथे पोचलात, तिथे तुमचा हाडवैरीही पोचला नसता. पण त्या पानावर तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ‘मी काळजी केली नाही तर मग कोण करणार?’ तिथे मी थांबले. गाठ इथेच आहे. मराठीत ‘काळजी’ एकच, पण क्रियापदं दोन: काळजी करणं आणि काळजी घेणं. घेतो ती हातापायांनी, करतो ती नुसत्या डोक्याने. मुलीला ताप आहे का बघणं, ती नीट श्वास घेतेय का, खेळतेय का हे पाहणं, धाप लागली तर लगेच आणि खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला तर डॉक्टरांकडे नेणं, ही झाली घेतलेली काळजी. ती दहा मिनिटांत होते. त्यानंतर पहाटेपर्यंत चालते ती केलेली काळजी, आणि तिचा एक कणही मुलीपर्यंत पोचत नाही. तुम्ही वाईट आई ठरणार नाही. काळजी करणं कमी केलंत म्हणून घेणं कमी होत नाही, उलट झोप झालेली आई जास्त चांगली घेते.

यासाठी एक जुना आणि विश्वासाचा उपाय आहे. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली तो मांडला. काळजीला रोजची ठरलेली वेळ आणि जागा द्यायची, अर्धा तास. समजा संध्याकाळी साडेसहा, खिडकीजवळची खुर्ची. दिवसभरात धाकधूक आली की तिला नाही म्हणायचं नाही. वहीत दोन शब्द टिपायचे आणि सांगायचं, साडेसहाला. हाकलणं आणि पुढची वेळ देणं यात फरक आहे. हाकललं की अस्वल परत येतं, वेळ दिली की ते बरेचदा थांबतं. साडेसहाला मात्र खरंच बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. वेळ पाळली नाहीत तर मन तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. बऱ्याच गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतील. झोपायच्या वेळेच्या जवळ मात्र ही बैठक नको.

त्याच वहीत शेजारी एक रकाना मोकळा सोडा आणि महिन्याने भरा: प्रत्यक्षात काय झालं? २०२०मध्ये लुकास लाफ्रेनिअर आणि मिशेल न्यूमन यांनी सतत चिंतेत राहण्याचा आजार असलेल्या २९ जणांकडून हेच करून घेतलं. त्यांनी लिहून ठेवलेल्या भाकितांपैकी ९१ टक्क्यांहून जास्त खरी ठरली नाहीत. अभ्यास लहान आहे, पण तुमच्या वहीतला आकडा तुमचा स्वतःचा असेल आणि मन त्याचं जास्त ऐकेल.

आईबाबांचं म्हातारपण मात्र या रकान्यात टाकू नका. ते येणारच आहे, ती नुसती भीती नाही. तो दिवसा, भावंडांना घेऊन, आईबाबांना काय हवंय हे त्यांनाच विचारून बोलण्याचा विषय आहे. कागदपत्रं कुठे आहेत, दवाखान्यात कोण नेणार, पैसे कुठून येणार. अवघड बोलणं आहे, पण एकदा झालं की रात्रीच्या भीतीला आकार येतो आणि आकार आलेली भीती पेलता येते.

घालमेलीबद्दल थोडक्यात. पाचवी यादी करू नका. चारही याद्यांत तोच मजकूर आहे, मग पाचवीत वेगळं काय येणार? नवी माहिती डोक्यातून येत नाही, बाहेरून आणावी लागते. त्या कचेरीत काम करणाऱ्या कुणाशी तरी बोला. घरी किती वाजता पोचता, रजा मिळते का, वरिष्ठ कसे आहेत, एवढंच विचारा. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९५०च्या दशकातच मांडलं होतं की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधू शकत नाही, तेवढी माहितीही नसते आणि वेळही. तो पुरेसा चांगला पर्याय शोधतो, आणि तेच शहाणपणाचं. तुमच्यासाठी ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा तीन अटी लिहा. तिन्ही पुऱ्या होत असतील तर जा, नाहीतर नका. निर्णयाची तारीख आजच नवऱ्याला सांगून टाका. आणि एक लक्षात ठेवा, काहीही निवडलंत तरी नंतर आठवडाभर चुटपुट लागेल. सोडलेल्या वाटेची ती लागतेच. ती लागली म्हणून निवड चुकली असं समजू नका.

राहिली रात्र. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. मायकेल स्कलिन यांच्या २०१८च्या अभ्यासात ५७ तरुणांना झोपप्रयोगशाळेत झोपवलं. ज्यांनी उद्याची कामं लिहिली ते, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिली तितकी झोप लवकर लागली. मन उजळणी करतं ते विसरण्याच्या भीतीने. कागदाने ती जबाबदारी घेतली की ते मोकळं होतं.

तरीही दोनला जाग आलीच, तर घड्याळ पाहू नका. अंदाजे वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, काहीतरी साधंसं हातांचं काम करा, झोप आली की परत या. अंथरुणात लोळत विचार करत राहिलं की शरीर अंथरुणाची आणि विचारांची जोडी लावून ठेवतं, ती मोडायची आहे. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, चार आकडे आत, सहा-सात बाहेर, दहा-बारा वेळा. आणि एक नियम माझ्याकडून: रात्री दोनला कुठलाही निकाल द्यायचा नाही. नोकरीचा नाही, नवऱ्याचा नाही, स्वतःचा तर नाहीच. थकलेलं मन आहे ते. सकाळी बघू.

ध्यान जमत नाही म्हणालात. डोळे मिटल्यावर गलका ऐकू आला म्हणजे ते जमत होतं की! तो गलका आधीपासून होता, तुम्हाला पहिल्यांदाच ऐकू आला. मन भटकलं हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता परत आणणं, सगळा व्यायाम एवढाच आहे. पण सध्या तुम्ही डोळे मिटून बसू नका. चाला. डोळे उघडे ठेवून, फोन घरी ठेवून, वीस मिनिटं, पावलांकडे लक्ष देत. अस्वस्थ मनाला आधी हालचाल मानवते, मग स्थिरता.

एक गोष्ट मात्र पत्राने होणार नाही. हे सगळं सहा महिन्यांच्या आसपास बहुतेक दिवस चालू असेल, झोप आणि काम दोन्ही बिघडत असेल, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय राहवत नसेल, किंवा छातीत धडधड होऊन वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड ग्रंथीचं काम वाढल्यानेही असं होतं आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. चिंतेवर बोलून उपचार करणारे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असतात आणि गुण येतो. जगूच नये असं कधी मनात आलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी नवऱ्याला उठवा आणि मदत मिळवा. रात्री निकाल नाही म्हणाले खरी, पण मदत मागायला रात्रही चालते.

आता ता. क. सरांची माफी मागू नका. आकडा चुकीचा होता आणि तुम्ही बरोबर होतात. माफीच्या नावाखाली तुम्ही त्यांच्याकडून ‘छे छे, तसं काही नाही’ एवढंच मागायला जाल, आणि तेही फोन ठेवेपर्यंतच पुरेल. पुढच्या मीटिंगआधी मात्र आकडे एकदा नजरेखालून घाला, आणि काही खटकलं तर दहा मिनिटं आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगा. सगळ्यांसमोर बोललेलं कुणालाही थोडं टोचतं, त्यांनाही टोचलं असेल. रेघेखालच्या त्या शेवटच्या ओळीत हेच लिहा.